प्रौढांचा ऑनलाइन वर्ग आणि शिक्षकाची स्वतःची तयारी

नोकरी, शेती, दुकान किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांना ऑनलाइन शिकवणे हे वेगळे काम आहे. महाविद्यालयात वीस वर्षे शिकवलेला शिक्षकही रात्री साडेआठच्या ऑनलाइन वर्गात सुरुवातीला चाचपडतो. विषय तोच असतो, पुस्तकही तेच. पण समोर चेहऱ्यांऐवजी नुसती नावे दिसतात. त्या नावांमागे कोणी नुकते बँकेतून घरी आलेले असते, कोणी लोकलमध्ये उभे असते, तर कोणी भाकऱ्या उरकता उरकता कानात इअरफोन घालून ऐकत असते.

महाराष्ट्राला दूरशिक्षण नवे नाही. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. अभ्यासकेंद्रांवरच्या समंत्रकांनी, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकांनी, छापील पुस्तके आणि संपर्क सत्रे यांच्या जोरावर कितीतरी प्रौढांना पदवीपर्यंत नेले. २०२० च्या टाळेबंदीत यातले बरेच काम पडद्यावर आले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा जवळजवळ सगळा भर साधनांवर गेला: झूम कसे चालवायचे, गुगल फॉर्म कसा करायचा, पीपीटी कशी सजवायची. हे यायलाच हवे, पण ते पंधरा दिवसांत येते. त्यानंतरची पाच-दहा वर्षे शिक्षक कशात सुधारत जातो, हा खरा प्रश्न. त्यासाठी लागणारी सामग्री शिक्षकाच्या हाताशीच असते: वर्गाचे रेकॉर्डिंग, तपासलेले गृहपाठ आणि अभ्यासक्रम मध्येच सोडून गेलेल्यांची यादी. बाहेरचे प्रशिक्षण उपयोगी पडते ते ही सामग्री वाचायला शिकवते तेव्हा.

विद्यार्थी कोण आहे

प्रौढ शिक्षणाच्या चर्चेत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांचे नाव हटकून येते. प्रौढाला आपण हे का शिकतो आहोत ते आधी कळावे लागते, तो स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला सरावलेला असतो, त्याच्या गाठीला अनुभव असतो आणि समोरची अडचण सोडवायला उपयोगी पडेल असे त्याला हवे असते, ही त्यांची मांडणी. १९७० मध्ये आलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रौढांचे शिक्षण आणि मुलांचे शिक्षण एकमेकांसमोर उभे केले होते. पुढे शाळाशिक्षकांनी कळवले की प्रौढांसाठीच्या या पद्धती मुलांच्या वर्गातही लागू पडतात, आणि काही प्रौढांना मात्र बोट धरूनच न्यावे लागते. तेव्हा १९८० च्या आवृत्तीत नोल्स यांनी उपशीर्षकातला तो विरोध काढून टाकला आणि एकीकडून दुसरीकडे जाणारा प्रवास अशी मांडणी केली. नोल्स यांची गृहीतके कार्यशाळेत पाठ करून घेतली जातात, ही दुरुस्ती मात्र सहसा सांगितली जात नाही. शिक्षकाच्या दृष्टीने कामाची तीच आहे.

कारण ‘प्रौढ’ हा एकजिनसी गट नसतो. एकाच वर्गात बावीस वर्षांचा डिलिव्हरीचे काम करणारा मुलगा असतो आणि पंचावन्न वर्षांच्या अंगणवाडीसेविकाही असतात. पहिल्याला मोबाइल हातचा मळ असतो आणि पाच ओळी सलग लिहिणे जड जाते. सेविकाताईंचे बरोबर उलटे. अनुभवसुद्धा नेहमी मदतच करतो असे नाही. किराणा दुकानदाराला उधारीची वही तोंडपाठ असते, म्हणून जमाखर्चाचा धडा त्याला सोपा जाईल असे वाटते. प्रत्यक्षात दुकानाचा गल्ला आणि घरचा खर्च वेगळा मांडायचा, हे त्याच्या पंचवीस वर्षांच्या सवयीविरुद्ध जाते आणि तो तिथेच अडतो. अशा वेळी अनुभवाचे नुसते कौतुक करून भागत नाही. शिक्षकाने आधी त्याची पद्धत त्याच्याकडून ऐकून घ्यावी, ती दुकान चालवायला का पुरते हे मान्य करावे, आणि बँकेत कर्जासाठी ताळेबंद मागितला की ती कुठे अपुरी पडते ते दाखवावे.

बोलण्याची रीतही यातच येते. विद्यार्थी शिक्षकापेक्षा वयाने मोठा असणे इथे रोजचेच असते. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणावे, हे सांगायला नको. पण विद्यार्थ्याला काय म्हटलेले आवडते हे पहिल्याच सत्रात विचारून ठेवलेले बरे. कोणाला ‘ताई’ आपुलकीचे वाटते, कोणाला कार्यालयातल्यासारखे आडनावाने संबोधलेले बरे वाटते. वर्गात सर्वांसमोर चूक दाखवणे मुले विसरून जातात. चाळिशीतला माणूस विसरत नाही आणि पुढच्या सत्राला बहुधा येतही नाही. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही अशीच. एका खोलीच्या घरात मागे कोण झोपले आहे, कोण जेवते आहे, हे वर्गाला दाखवण्याची कोणाचीच इच्छा नसते. हजेरीसाठी दुसरा उपाय शोधावा.

रेकॉर्डिंग पाहणे

ऑनलाइन शिकवण्याचा शिक्षकाला मिळालेला सर्वांत मोठा फायदा म्हणजे स्वतःचा तास पुन्हा पाहता येणे. फळ्यासमोरच्या शिक्षकाला ही सोय सहसा नव्हती. तरीही फार थोडे शिक्षक स्वतःचे रेकॉर्डिंग पाहतात, कारण स्वतःचा आवाज ऐकणे नकोसे वाटते. तासभराचे पूर्ण रेकॉर्डिंग पाहण्याची गरज नाही. मधली पंधरा मिनिटे पुरतात, आणि पाहताना एका वेळी एकच गोष्ट शोधावी.

पहिल्यांदा बोलण्याचा वाटा पाहावा. पंधरा मिनिटांत विद्यार्थ्यांचा आवाज किंवा चॅटमधले शब्द किती वेळा आले? दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर यांनी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातले अंतर मैलांत मोजले नाही. संवाद किती, अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आणि विद्यार्थी किती स्वावलंबी यांवर ते अंतर ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. संवाद घटला की मनातले अंतर वाढते, मग शिक्षक शेजारच्या गल्लीत का राहत असेना. शिक्षक सलग चाळीस मिनिटे बोलला असेल तर तो तास रेडिओवर झाला असता तरी चालले असते.

दुसऱ्या खेपेला प्रश्न मोजावेत. अनेक तासांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘समजलं का?’ त्यावर दोन-तीन ‘हो सर’ येतात आणि गाडी पुढे जाते. न समजलेला प्रौढ तिथे कधीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याऐवजी करायला काहीतरी द्यावे. ‘गिरणी ८०,००० रुपयांना घेतली, दहा वर्षे चालेल, शेवटी मोडीत ५,००० येतील. वर्षाचा घसारा किती? आकडा चॅटमध्ये टाका, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका.’ सगळ्यांचे आकडे एकदम पडले की कोणी कोणाचे पाहून लिहीत नाही, आणि ७,५०० च्या जागी ८,००० लिहिणारे किती, हे शिक्षकाला तिथल्या तिथे कळते. या एका मिनिटातून दहा ‘समजलं का?’ पेक्षा जास्त हाती लागते.

तिसरी गोष्ट शांततेची. अमेरिकेतल्या मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंदांपर्यंत थांबले तर उत्तरे लांबतात आणि जास्त मुले बोलू लागतात. ते वर्ग शाळेतले, समोरासमोरचे होते. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला वेळ लागतो, म्यूट काढायला वेळ लागतो, आणि मोबाइलवर मराठी टाइप करायला तर फारच लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर शिक्षकाने गप्प बसावे. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता पहिल्यांदा ऐकताना ती अवघडल्यासारखी वाटते. महिनाभरात सवय होते, शिक्षकालाही आणि वर्गालाही.

आधी तयार केलेल्या व्हिडिओंची गोष्ट थोडी निराळी. एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ८६२ व्हिडिओंचा आणि ते पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे दिसले. तेव्हापासून ‘सहा मिनिटांचा नियम’ सर्वत्र फिरतो आहे. आकडा जसाच्या तसा डोक्यावर घेण्याचे कारण नाही; तो तिथल्या विद्यार्थ्यांचा आहे. तासाचे रेकॉर्डिंग जसेच्या तसे चढवू नये, एका व्हिडिओत एकच कल्पना ठेवावी, एवढा बोध मात्र पक्का. बसमध्ये अर्धा तास मिळणाऱ्याला असे तुकडेच सोयीचे पडतात.

गृहपाठावरचे शेरे

प्रौढ विद्यार्थी आणि शिक्षक यांची खरी गाठ गृहपाठावर पडते. वर्गाला न आलेला विद्यार्थीही गृहपाठ पाठवतो, त्यासाठी रात्री जागलेला असतो, आणि त्यावर काय लिहून आले हे दोनदा वाचतो. म्हणून ज्या शिक्षकाकडे सुधारणेसाठी थोडाच वेळ आहे, त्याने तो सगळा शेऱ्यांवर घालवावा. इतर कशातूनही इतके हाती लागत नाही.

ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिथे पहिली तुकडी शिकू लागली. त्या विद्यापीठाने हे फार लवकर ओळखले. तिथे गृहपाठ तपासणे ही शिकवण्याचीच पद्धत मानली जाते. शिक्षकांनी तपासलेल्या गृहपाठांतले काही नमुने अनुभवी सहकारी पुन्हा वाचतात. गुण बरोबर दिले का, एवढेच न पाहता शेऱ्यातून विद्यार्थ्याला पुढचे पाऊल कळले का, हेही पाहतात आणि तपासणाऱ्याला तसे कळवतात. नवीन शिक्षकाला वर्षभरात मिळणारे हे सर्वांत नेमके प्रशिक्षण असावे.

वरचेच उदाहरण गृहपाठात थोडे वाढवून आले आहे असे समजू. गिरणीची किंमत ८०,००० रुपये, ती आणणे आणि बसवणे यांचा खर्च ५,००० रुपये, आयुष्य दहा वर्षे, मोडीची किंमत ५,००० रुपये. विद्यार्थ्याने घसारा ७,५०० काढला आहे. तपासणारा लाल रेघ मारून ‘चूक. पुन्हा वाचा’ असे लिहू शकतो. उदार मनाचा असेल तर ‘प्रयत्न चांगला’ असेही लिहील. दोन्ही शेऱ्यांतून विद्यार्थ्याला काही करता येत नाही. याउलट: ‘सूत्र बरोबर वापरले आहे आणि मोडीची किंमत आठवणीने वजा केली आहे. गिरणी चालू होईपर्यंत आलेला सगळा खर्च तिच्या किमतीत धरतात. उदाहरणाची दुसरी ओळ पुन्हा पाहा आणि नवा आकडा काढून एका ओळीत पाठवा.’ उत्तर ८,००० येणार हे इथे सांगितलेले नाही. विद्यार्थी ते स्वतः काढतो आणि परत पाठवतो, म्हणजे शेरा वाचला गेल्याची पावतीही मिळते. मुख्य म्हणजे पुढच्या वेळी शिलाई मशीन असो की दुधाचा चिलिंग टँक, वाहतूक आणि उभारणी त्याच्या नजरेतून सुटत नाही.

शिक्षकाने अभ्यासक्रमाच्या शेवटी आपले वीस-पंचवीस शेरे एकत्र काढून सलग वाचावेत. काही गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. हुशार विद्यार्थ्यांच्या वहीवर लांब शेरे आणि कच्च्यांच्या वहीवर एकच शब्द, असे फार आढळते. कच्च्या उत्तरात कुठून सुरुवात करावी हे तपासणाऱ्यालाच सुचत नाही. तीच चूक पंधराजणांनी केली असेल तर ती वर्गाची किंवा पुस्तकाची चूक समजावी आणि पुढच्या तुकडीसाठी तो भाग बदलावा. शुद्धलेखनाच्या खुणांनी पान भरले असेल आणि विषयाबद्दल एकच ओळ असेल, तर विद्यार्थ्याने त्यातून काय घेतले असेल हे उघड आहे. आवाजी शेरा हाही एक चांगला मार्ग आहे: व्हॉट्सअॅपवर दीड मिनिटाचा निरोप. लिहून कठोर वाटणारे वाक्य आवाजात सौम्य होते. पण आकडेमोड आणि संदर्भ लेखीच हवेत, कारण विद्यार्थी ते समोर ठेवून दुरुस्ती करतो.

गप्प बसणारे आणि गळणारे

वर्ग कसा चालला, हे विचारण्याची रीत आपल्याकडे वर्षाअखेरच्या फॉर्मची आहे. तो भरला जातो तोपर्यंत त्याचा त्या तुकडीला उपयोग उरलेला नसतो, आणि पाचपैकी चार तारे पाहून काय बदलायचे ते कळत नाही. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक स्टीफन ब्रुकफील्ड यांची पाच प्रश्नांची निनावी पत्रिका या कामाला चांगली आहे. या आठवड्यात वर्गात तुम्ही सर्वांत जास्त रमलात तो क्षण कोणता? सर्वांत दूर गेल्यासारखे कधी वाटले? शिक्षकाच्या किंवा सोबत्याच्या कोणत्या कृतीची मदत झाली? कशाने गोंधळ उडाला? आश्चर्य कशाचे वाटले? ब्रुकफील्ड यांचा आग्रह असा की पुढच्या तासाच्या सुरुवातीला शिक्षकाने त्या उत्तरांचा गोषवारा वर्गासमोर ठेवावा, काय बदलणार ते सांगावे आणि काय बदलणार नाही तेही कारणासह सांगावे. हे केले नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरे येणे बंद होते. दर आठवड्याला जमले नाही तरी दोन-तीन आठवड्यांनी एकदा करायला हरकत नाही.

यातून वर्गात असलेल्यांचे कळते. सोडून गेलेल्यांचे कळण्यासाठी फोनच करावा लागतो. प्रौढ विद्यार्थी राजीनामा देऊन जात नाही. एक सत्र बुडते, मग दोन, मग गृहपाठाची तारीख निघून जाते आणि आता कोणत्या तोंडाने यायचे म्हणून तो येत नाही. सलग दोन सत्रे न आलेल्याला त्याच आठवड्यात फोन गेला तर बरेचजण परततात. फोनवर ‘का आला नाहीत?’ असे विचारू नये. ‘तुम्ही नव्हता तेव्हा अमुक भाग झाला, त्याचा छोटा व्हिडिओ पाठवतो, पुढच्या गुरुवारी तिथूनच धरू’ असे म्हटले की परतीची वाट मोकळी होते. कारणे ऐकून लिहून ठेवावीत. पेरणी, शिफ्ट बदलणे, मुलांच्या परीक्षा, घरातला एकुलता मोबाइल: यांतली काही शिक्षकाच्या हाताबाहेरची असतात, पण गृहपाठाची तारीख पेरणीच्या पंधरवड्यात ठेवायची की नाही हे त्याच्याच हातात असते.

सहकारी आणि स्वतःचे शिकणे

शिक्षकाने एखादा जोडीदार निवडावा, शक्यतो वेगळ्या विषयाचा. त्याच विषयाचा माणूस आशयातल्या चुका काढत बसतो. वेगळ्या विषयाचा माणूस विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि आपण कुठे हरवलो ते सांगतो. दोघांनी महिन्यातून एकदा एकमेकांची पंधरा मिनिटे पाहावीत. पाहण्याआधी कशाकडे लक्ष द्यायचे ते ज्याचा तास त्याने सांगावे. नाहीतर ‘छान झाला तास’ यापुढे चर्चा जात नाही. मराठी माणूस तोंडावर टीका करायला संकोचतो आणि मग ती चहाच्या टपरीवर तिसऱ्याकडे करतो.

याहूनही परिणामकारक एक उपाय आहे. शिक्षकाने वर्षातून एकदा स्वतः ऑनलाइन विद्यार्थी व्हावे. केंद्र सरकारचे स्वयम् हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. त्यावरच्या अभ्यासक्रमांची रचना चार भागांची असते: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. अध्यापनपद्धतीचेच अभ्यासक्रम निवडावेत असे नाही. उलट जो विषय आपल्याला येत नाही तो घ्यावा. इतिहासाच्या शिक्षकाने सांख्यिकी, वाणिज्यच्या शिक्षिकेने संस्कृत. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला न कळणारा व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहताना, चर्चेत विचारलेल्या प्रश्नाला चार दिवस उत्तर न आल्यावर, सबमिट बटण मोबाइलवर न सापडल्यावर जे कळते ते कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही. अभ्यासक्रम अर्धवट सुटला तरी हरकत नाही. तो कोणत्या आठवड्यात आणि कशामुळे सुटला, हे मात्र लिहून ठेवावे.

व्याख्यानमाला आणि वेबिनार यांना किती वेळ द्यावा? पदोन्नतीसाठी लागतात तेवढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मालवीय मिशनसारख्या योजनांतून चांगले कार्यक्रमही होतात. तिथे जाताना आपला एखादा फसलेला तास किंवा अडलेला गृहपाठ बरोबर न्यावा आणि तज्ज्ञापुढे ठेवावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची गोष्ट मात्र कठीण आहे. त्यांना तासाचे पैसे मिळतात. रेकॉर्डिंग पाहण्याचे, फोन करण्याचे, शेरे लिहिण्याचे मिळत नाहीत. अशा शिक्षकाने सगळे करण्याच्या फंदात पडू नये. शेरे सुधारावेत आणि गळणाऱ्यांना फोन करावेत. बाकीचे संस्थेने मोबदला दिला तर. संस्थाचालकांनीही हे ओळखायला हवे की चार तासिका वाढवण्यापेक्षा चार तासांच्या तपासणीचे मानधन दिलेले विद्यार्थ्यांच्या जास्त कामी येते.

नोंदी

वर्षभराच्या या कामाची एक साधी वही किंवा फोल्डर असावा. त्यात जुन्या आणि नव्या शेऱ्यांचे नमुने, पाच प्रश्नांच्या उत्तरांचे गोषवारे, जोडीदाराने सांगितलेल्या गोष्टी, गळतीची कारणे आणि पुढच्या तुकडीसाठी केलेले बदल एवढे पुरते. मुलाखतीत किंवा मूल्यांकनात हीच वही दाखवता येते. विद्यार्थ्यांची नावे, आवाज किंवा चेहरे तिच्यात ठेवायचे असतील तर त्यांची संमती घ्यावी; डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा प्रामुख्याने संमतीवर उभा आहे. नाव काढून टाकलेला गृहपाठ नमुना म्हणून तितकाच उपयोगी असतो. वर्गाचे रेकॉर्डिंग पाहून झाले, टिपणे निघाली आणि विद्यार्थ्यांना उजळणीसाठी त्याची गरज उरली नाही, की ते पुसून टाकावे.